तारीख माहीत असलेलं बाळ: ठरवून केलेल्या सिझेरियनची तयारी आणि पुढचे सहा आठवडे

ठरवून सिझेरियन करायचं म्हटलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या एका सकाळवर खिळतं. ऑपरेशन किती वाजता, भूल कुठली, आत कोण थांबणार. माझ्या वेळी मीही सगळे प्रश्न त्या एका तासाबद्दलच विचारले होते, आणि तो तास छान पार पडला. अडलं ते पहाटे. बाळ रडत होतं, पाळणा हातभर अंतरावर होता आणि मला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. त्या हातभर अंतराची तयारी आमच्यापैकी कुणीच केलेली नव्हती.

तारीख आधी कळते ही या प्रसूतीतली सर्वांत मोठी सोय आहे. ती बॅग भरण्यात संपवू नका, ऑपरेशननंतरच्या दोन आठवड्यांसाठी वापरा. तुम्ही एकाच दिवशी आई होणार असता आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या पेशंटही होणार असता. बाळाला तुम्ही बघाल, पण तुम्हाला कोण बघणार हे त्या दिवसाआधी ठरलेलं हवं. या लेखातली प्रत्येक पायरी शेवटी तिथेच येते.

तारीख ठरते तेव्हा

बाळ पायाळू आहे, वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे, गर्भाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, अशी कारणं असतात तेव्हा डॉक्टर आधीच तारीख देतात. लवकर काढण्याचं वैद्यकीय कारण नसेल तर ती तारीख ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरची असते. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव भरलेला असतो. कळा सुरू झाल्या की तो ओसरू लागतो. कळांशिवाय जन्मलेल्या बाळात हे काम सावकाश होतं, आणि बाळ जितकं लवकर काढावं तितका श्वास जड जाण्याचा धोका वाढतो. म्हणून घरच्यांच्या सोयीसाठी तारीख अलीकडे ओढायचा आग्रह धरू नका.

त्या भेटीत डॉक्टरांना हे विचारून घ्या. बाळ ठीक असेल तर ऑपरेशन टेबलावरच छातीवर देता का? बाळाला काही कारणाने वेगळं न्यावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाईल? दूध पाजायला शिकवणारं कोण आहे, आणि ते रात्रीही असतं का? माझ्याजवळ रात्री घरचं माणूस राहू शकतं का? शेवटचा प्रश्न बऱ्याच जणी विचारतच नाहीत, आणि पहिल्या रात्री खरी गरज त्याच माणसाची असते.

आणखी एक गोष्ट पक्की करा. तारखेच्या आधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं तर काय करायचं? बाळाला तारीख माहीत नसते. अशा वेळी काही खाऊ-पिऊ नका, लगेच फोन करा आणि निघा. अंगावरून लाल रक्त जाऊ लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तारखेपर्यंत थांबायचा प्रश्नच नाही.

घर आधी लावून ठेवा

पहिले काही आठवडे वाकणं, उकिडवं बसणं आणि वजन उचलणं जमणार नाही. तेव्हा घराकडे त्या नजरेने एकदा बघा. डायपर, पुसायचे कपडे, बाळाचे कपडे, तुमची औषधं, पाण्याची बाटली हे सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पलंग असा हवा की कडेवर बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. फार खोल गादी किंवा जमिनीवरचं अंथरूण पहिले पंधरा दिवस नकोच. जिना असेल तर झोपणं, बाथरूम आणि बाळाची जागा एकाच मजल्यावर आणा.

मग माणसांचं वेळापत्रक लावा. ‘सगळे आहेतच’ हे वेळापत्रक नव्हे. रात्री दोन वाजता बाळ उचलून तुमच्या हातात कोण देणार, त्या माणसाचं नाव हवं. स्वयंपाक-कपडे कुणाकडे, औषधांच्या वेळा कोण लिहिणार, भेटायला येणाऱ्यांना ‘आज नको’ कोण सांगणार, हेही नावानिशी ठरवा. ते नाव शक्यतो तुमचं नसावं.

बॅगेबद्दल दोनच शब्द. टाके ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, आडवे असतात, त्यामुळे कमरेला वर येणाऱ्या सैल चड्ड्या आणि समोरून उघडणारे कपडे घ्या. मोठे पॅडही घ्या. सिझेरियन झालं तरी अंगावरून जातंच, कारण ते रक्त गर्भाशयात वार जिथे चिकटलेली होती तिथून येतं.

आदला दिवस

उपाशी राहण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. सर्वसाधारणपणे घन अन्न किमान ६ तास आधी बंद करतात. साधं पाणी मात्र कित्येक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं, म्हणून ते आवर्जून विचारा. उगाच रात्रभर तहानलेलं राहू नका. भुलेत उलटी होऊन पोटातलं श्वासनलिकेत जाऊ नये, यासाठी हा नियम असतो.

अंघोळ करून जा. ओटीपोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. त्वचेला बारीक चिरा पडतात आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. गरज असेल तर ते दवाखान्यात मशीनने कापतात. नखांचा रंग पुसून टाका, कारण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यावरून नीट वाचत नाही. अंगठ्या घरीच ठेवा. रोजची औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे ते कागदावर लिहून न्या.

टेबलावर

बहुतेक वेळा पाठीतून भूल देतात. तुम्हाला पुढे वाकून, पाठीची कमान करून बसवतात. पोट आडवं येतं, तरी हनुवटी छातीकडे आणि खांदे सैल, एवढं केलं की काम लवकर होतं. काही मिनिटांत पाय गरम आणि जड होतात. मग लघवीची नळी घालतात आणि टेबल जरासं डावीकडे कलतं करतात, म्हणजे गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही.

यानंतरची एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. दुखत नाही, पण कळतं. पोटात कुणीतरी ढकलतंय, ओढतंय, वरून दाबतंय हे स्पष्ट जाणवतं आणि पहिल्या क्षणी वाटतं की भूल लागलीच नाही. घाबरू नका, भूलतज्ज्ञ डोक्याशीच असतात, त्यांना सांगा. अचानक मळमळलं, घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेही लगेच सांगा. रक्तदाब उतरलेला असतो आणि औषध दिलं की काही क्षणांत बरं वाटतं. दात वाजतील इतकी थंडी भरणंही नेहमीचं आहे.

सुरुवात झाल्यापासून साधारण ५ ते १० मिनिटांत बाळ बाहेर येतं. उरलेली पाऊण तासभर वेळ टाके घालण्यात जाते. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता थोडं थांबतात, त्यामुळे वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या महिन्यांसाठी त्याचा लोहाचा साठा वाढतो. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला गुण देतात, रंग, नाडी, हालचाल, श्वास आणि प्रतिसाद यांचे मिळून १०. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरने १९५२ साली ही पद्धत आखली. हे गुण बाळाला लगेच मदत लागते का ते बघण्यासाठी असतात. ८ आले की १०, याचा त्याच्या हुशारीशी काही संबंध नाही. पूर्ण १० तसे थोड्याच बाळांना मिळतात, कारण हातपाय सुरुवातीला निळसरच असतात.

पहिला तास

बाळ आणि तुम्ही दोघंही ठीक असाल तर त्याला तुमच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरूण घालायचं. टेबलावर शक्य झालं नाही तर रिकव्हरीमध्ये. त्वचेला त्वचा लागली की बाळ उबदार राहतं, त्याचा श्वास आणि साखर स्थिर राहायला मदत होते आणि ते आपणहून स्तन शोधू लागतं. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तासातच स्तनपान सुरू करा असं सांगते आणि सिझेरियनही त्याला अपवाद नाही. तुमचा हात सलाईनमध्ये अडकलेला असेल, डोळे मिटत असतील, म्हणून बाळाचं नाक मोकळं आहे ना हे बघायला कुणीतरी सतत शेजारी हवं. आईला जमत नसेल तर बाबाच्या उघड्या छातीवर बाळ ठेवा. तीही ऊबच आहे.

पहिली अंघोळ २४ तासांनंतर. अंगावरचा पांढरा चिकट थर पुसून काढायची घाई करू नका, तो त्वचेचं रक्षण करतो.

पहिली रात्र आणि पहिलं उठणं

भूल उतरते तशी दुखणं चढतं. इथे एकच चूक जवळजवळ सगळ्या जणी करतात. ‘सहन होतंय तोवर गोळी नको, दुधातून बाळाला जाईल.’ सिझेरियननंतर सहसा जी औषधं देतात, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, ती स्तनपानात चालतात. दुखणं वाढल्यावर त्याचा पाठलाग करण्यापेक्षा ठरलेल्या वेळी गोळी घेतलेली बरी. दुखणाऱ्या बाईला खोल श्वास घेता येत नाही, बसता येत नाही, बाळ नीट धरता येत नाही. त्यापेक्षा तीव्र औषध दिलं असेल आणि बाळ फार पेंगत असेल, दूध ओढत नसेल तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा.

पाय हलू लागले की घोटे वर-खाली, गोल, दर तासाला हलवत राहा. बाळंतपण आणि शस्त्रक्रिया या दोन्हींमुळे पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो. त्यावर खरा उपाय म्हणजे लवकर चालणं, त्यामुळे साधारण पहिल्या २४ तासांतच तुम्हाला उठवतील.

उठायची रीत अशी. गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकत्र ठेवून, ओंडका लोळतो तसं एका कुशीवर वळा. दोन्ही पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर आणि हाताचा पंजा गादीवर रोवून वर या. पोटावर जोर द्यायचाच नाही. मग कडेवर बसून दोन-तीन मिनिटं थांबा, चक्कर येत नाही ना बघा, आणि कुणाचा तरी आधार घेऊन उभ्या राहा. उभं राहिल्यावर एकदम रक्त गेल्यासारखं वाटतं, ते झोपल्यामुळे साठलेलं असतं. टाके तुटतील या भीतीने आपण कुबड काढून चालतो. पण टाके अशाने तुटत नाहीत. हळूहळू सरळ व्हा, पाठ कमी दुखेल.

खोकला, शिंक, हसू आलं की एक छोटी उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरा. ही उशी पुढचे दोन आठवडे हाताशी असू द्या. गॅसने पोट फुगतं आणि कधी कधी चक्क खांद्यात दुखतं. चालणं हाच त्यावर सगळ्यात चांगला उपाय. साखर नसलेलं च्युइंगम चघळल्यानेही आतडी लवकर हालचाल करू लागतात. शौचाला जोर करू नका, मल मऊ करणारं औषध मागून घ्या.

दूध

‘सिझर झालं म्हणून दूध येत नाही’ हे वाक्य तुमच्या कानावर येईल. त्यात चुकीची समजूत बरीच आहे, पण थोडं तथ्यही आहे. दूध उतरण्याचा इशारा वार सुटल्यावर होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलातून मिळतो, आणि वार सिझेरियनमध्येही सुटतेच. त्यामुळे दूध येतं. दुखणं, ताण आणि उशिरा झालेली सुरुवात यांमुळे भरघोस पान्हा फुटायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. सर्वसाधारणपणे तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो. तोपर्यंत जो चीक येतो तो थेंब-थेंबच असतो आणि तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर पितं.

पाजताना पोटावर भार येऊ नये यासाठी दोन पद्धती. एक, बाळाला काखेत धरायचं. त्याचं डोकं तुमच्या तळहातात, पाय तुमच्या पाठीकडे, खाली उशी. दुसरी, कुशीवर झोपून, बाळ तुमच्याकडे तोंड करून पोटाला पोट. वाकून स्तन बाळाकडे नेऊ नका, बाळाला स्तनाकडे आणा. त्याचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबा आणि मग जवळ घ्या, म्हणजे नुसतं बोंड न धरता खालचा काळसर भागही तोंडात जाईल. बोंड सतत दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दहा वेळा करावं लागलं तरी चालेल.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. पहिल्या दिवशी बाळ पेंगलं तर कपडे काढून छातीवर घ्या, तळपाय चोळा. तरीही ओढत नसेल तर हाताने चीक काढून चमच्याने पाजा. बाळ वेगळ्या विभागात असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने काढायला लागा आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहा, रात्रीसुद्धा. स्तन रिकामे होतात तितकं दूध वाढतं.

पुरतंय का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका, लंगोटांवरून ठरवा. पहिल्या दिवशी किमान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त. काळी चिकट शी हिरवट होत होत पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं. तुम्हाला सलाईन बरंच दिलेलं असेल तर बाळाच्या अंगातही जास्तीचं पाणी असतं, ते लघवीतून जातं आणि घट जास्त दिसते. तरी १० टक्क्यांच्या जवळ घट आली तर पाजण्याची नीट तपासणी हवी. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

आणि डॉक्टरांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर ते द्या. बाळाचं पोट भरणं सगळ्यात आधी येतं. सोबत अंगावर पाजणं चालू ठेवा, दुधाची ओढ टिकते.

घरी आल्यावर

बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, सहा आठवडे. पाण्याची बादली नाही, घरातलं मोठं मूलही नाही. रोज थोडं चालायचं, दमण्याआधी थांबायचं. खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, लघवी रोखताना करतो तसा, सिझेरियन झालेल्यांनाही लागतो, कारण नऊ महिने भार त्यांनीही पेलला आहे.

जखम रोज बघा, वाकून दिसत नसेल तर आरशात किंवा कुणाकडून. साबणाचं पाणी वरून वाहू द्या, चोळू नका, मऊ कपड्याने टिपून कोरडी करा. पोटाची वळी त्यावर येत असेल तर तिथे ओल राहते, म्हणून झोपून थोडा वेळ हवा लागू द्या. टाक्यांभोवती बधिर वाटणं, खाज, मुंग्या हे महिनोन्‌महिने असू शकतं.

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलईशिवाय झोपवा. पाळणा तुमच्या पलंगाला लागून असू द्या. गुंगी आणणारं औषध घेतलं असेल त्या रात्री बाळ तुमच्या अंथरुणात नको, आणि सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं कधीच नको. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत ती पडते. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवावेत, चेहऱ्याचे मुके घेऊ नयेत, सर्दी-खोकला असेल तर नंतर यावं. हे तुम्ही सांगायचं नाही. ठरवलेलं माणूस सांगेल.

वाट न बघता डॉक्टरांकडे

तासाला एक मोठा पॅड पूर्ण भिजतोय किंवा मोठाल्या गाठी पडताहेत. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त. जखम लाल, गरम, सुजलेली, पू किंवा वास. एकाच पायाच्या पोटरीत दुखणं आणि सूज. छातीत दुखणं, धाप. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं. रक्तदाब गरोदरपणात ठीक असला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत वाढू शकतो. बसलं की ठणकणारं आणि आडवं झालं की उतरणारं डोकं पाठीतल्या भुलेमुळे असू शकतं, आणि त्यावर चांगला उपचार आहे, तो मागा.

बाळासाठी, पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणं, उठवूनही न उठणं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, किंवा १००.४ अंश ताप. नवजात बाळाच्या तापाला घरी औषध देऊन बघायचं नसतं.

मनाचं

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येतं. संप्रेरकं झपाट्याने उतरलेली असतात, झोप नसते, दूध त्याच दिवसांत भरून येतं. दोन आठवड्यांत हे निवळतं. त्यापुढेही उदास वाटत राहिलं, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो, डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भास होऊ लागले, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवा आणि दवाखाना गाठा.

‘तुला काय, कळा तर आल्याच नाहीत’ असं कुणी म्हणालं तर मन खट्टू होतं, मला अजून आठवतं. पोटाचे थर एकामागून एक उघडून शिवले गेलेत आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रात्री जागताय. ही प्रसूतीच आहे, पूर्ण.

सहाव्या आठवड्याची तपासणी

बरं वाटत असलं तरी जा. जखम, रक्तदाब, हिमोग्लोबिन, मन, लघवीवरचा ताबा, सगळं बोला. गाडी चालवणं, व्यायाम, शरीरसंबंध यांबद्दल विचारा. पाळी आलेली नसतानाही दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधनाचा विषय याच भेटीत काढा. प्रसूतीनंतर निदान दीड वर्ष जाऊ दिलं तर गर्भाशयावरचा व्रण भरायला वेळ मिळतो. पुढचं बाळंतपण सिझेरियननेच होईल असं नाही, ते कारणावर आणि गर्भाशयावरच्या छेदावर अवलंबून असतं. बाहेरचा व्रण आडवा असला म्हणजे आतला तसाच असतो असं नाही. म्हणून ऑपरेशनची लेखी नोंद, आत छेद कसा घेतला त्यासकट, मागून घ्या, आणि बाळाच्या कागदांसोबत जपून ठेवा.